आधी नोंदी, मग यंत्रं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका सार्वजनिक ग्रंथालयाचा कारभार नुकताच तुमच्याकडे आला आहे. हजारो छापील पुस्तकं आहेत, आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहिलेल्या दाखल नोंदवह्या आहेत, तालिकापत्रांची, म्हणजे एकेका पुस्तकाची माहिती लिहिलेल्या कार्डांची, लाकडी कपाटं आहेत. वाचक वर्षागणिक कमी होताहेत आणि समितीला वाटतं की यंदा ‘सगळं डिजिटल’ करून टाकावं. सुरुवात कुठून करायची, ई-पुस्तकं घ्यायची का आणि त्या कपाटांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

अठ्ठावीस वर्षं मी हेच काम करते आहे आणि एकाच ग्रंथालयात तीन सॉफ्टवेअरं आलेली-गेलेली पाहिली आहेत. त्यावरून एक गोष्ट आग्रहाने सांगते: यंत्रांची यादी करायला बसण्याआधी नोंदींकडे बघा. पुस्तकाची नोंद, सभासदाची नोंद, देवघेवीची नोंद. संगणक पाच-सात वर्षांत थकतो, सॉफ्टवेअरही कधी ना कधी बदलावं लागतं. नोंद मात्र पुस्तक कपाटात आहे तोवर लागतेच. म्हणून कुठलीही नवी वस्तू दारात आली की मी आधी विचारते, उद्या ही सोडायची झाली तर आमच्या नोंदी आमच्याबरोबर येतील का?

हे मी ठेच लागल्यावर शिकले. आमचं पहिलं सॉफ्टवेअर एका लहान कंपनीकडून घेतलं होतं. काही वर्षांनी कंपनीने काम थांबवलं. नोंदी बाहेर काढायला बसलो तेव्हा कळलं की त्या सॉफ्टवेअरमधून फक्त छापण्याजोगा अहवाल निघतो: लेखक, शीर्षक, वर्गांक (पुस्तकाचा विषयानुसार क्रमांक) सगळं एका ओळीत, एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं याची खूण नाही. त्यात अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षर-संकेतात, नव्हती, एका ठरावीक फॉन्टपुरती होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की लेखकाच्या नावाच्या जागी कंस, टक्क्याची चिन्हं आणि रोमन अक्षरांची गिचमीड दिसायची. अकरा हजार नोंदी होत्या. त्या पुन्हा टंकायला दोन माणसांची दीड वर्षं गेली. त्या दीड वर्षात दुसरं काहीही नवं करता आलं नाही, आणि वाचकांना मात्र आम्ही नुसते संगणकापुढे बसलेले दिसत होतो. त्याचं दुःख अजून जात नाही.

खरं तर या अडचणीवरचा उपाय कितीतरी आधीपासून तयार होता. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांनी ‘मार्क’ हा नोंदीचा साचा उभा केला. त्या मूळच्या संगणक प्रोग्रॅमर. ग्रंथालयाचं काम त्यांनी तिथे बसून समजून घेतलं. तालिकापत्रावर ग्रंथपाल जे डोळ्यांनी ओळखतो, की हे लेखकाचं नाव, हे शीर्षक, हे प्रकाशनाचं साल, ते यंत्राला ओळखता यावं म्हणून त्यांनी प्रत्येक माहितीला आकड्याचं घर दिलं. १०० मध्ये मुख्य लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ०२० मध्ये आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. रोमनखेरीज इतर लिपीत पुस्तकं असणाऱ्यांनी ८८० हे घर लक्षात ठेवावं: तेच नाव, तेच शीर्षक दुसऱ्या लिपीत नोंदवायची सोय तिथे आहे. साचा जुना आहे, त्याच्यावर टीका भरपूर होते, त्याच्या जागी नवं काही आणायचे प्रयत्नही चालू आहेत. तरीही आज एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नोंदी सुखरूप न्यायच्या तर मार्क आणि युनिकोड यांच्याइतका भरवशाचा रस्ता मला माहीत नाही.

तेव्हा करारावर सही करण्याआधी एक दिवस राखून ठेवा. शंभर नमुना नोंदी त्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. त्यात दोन लिपींतली पुस्तकं, तीन लेखकांचं एखादं पुस्तक, बहुखंडी ग्रंथ, आयएसबीएन नसलेलं जुनं पुस्तक असं मुद्दाम अवघड काहीतरी घाला. मग त्या बाहेर काढा आणि दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. विक्रेता ‘ते नंतर बघू’ म्हणाला तर तिथेच थांबा.

मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय जरूर बघा. ‘कोहा’ या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरची जन्मकथा मला फार जवळची वाटते. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ इथल्या ग्रंथालय संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर २००० सालच्या तारखा पेलणार नव्हतं. १९९९ मध्ये त्यांनी स्थानिक प्रोग्रॅमरांना हाताशी धरून नवं बनवून घेतलं, ते जानेवारी २००० मध्ये चालू झालं आणि मग त्यांनी ते सगळ्या जगाला खुलं केलं. कोहा हा माओरी शब्द; अर्थ भेट, देणगी. एका लहान सार्वजनिक ग्रंथालयाची स्वतःची गरज होती आणि तिच्यातून आज देशोदेशी चालणारी गोष्ट उभी राहिली. पण समितीला हेही स्पष्ट सांगा की परवान्याचे पैसे वाचले तरी माणसाचे वाचत नाहीत. सर्व्हर कोण बघणार, नवी आवृत्ती कोण चढवणार, बॅकअप कोण तपासणार, या तिन्ही प्रश्नांपुढे माणसाचं नाव लिहिता आलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष नोंदी भरण्याकडे वळू. इथे घाई करायचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण दाखल नोंदवही समोर असते आणि ती पाहून टंकत गेलं की दिवसाला दोनशे नोंदी होतात. तसं करू नका. प्रत्येक पुस्तक हातात घ्या. नोंदवहीत आहे आणि कपाटात नाही, अशी पुस्तकं प्रत्येक ग्रंथालयात असतात. नोंदवहीवरून टंकलंत तर ती नवीन तालिकेतही दिसत राहतील आणि वाचक ती मागत राहील. पुस्तक हातात आलं की शीर्षकपृष्ठ उघडा आणि शीर्षक तिथलंच घ्या; मुखपृष्ठावर आणि कण्यावर बरेचदा वेगळंच छापलेलं असतं. आयएसबीएन असेल तर इतर ग्रंथालयांनी केलेली तयार नोंद ओढून घेता येते. १ जानेवारी २००७ पासून तो क्रमांक दहाऐवजी तेरा आकडी झाला, तेव्हा मधल्या काळातल्या पुस्तकांवर दोन्ही सापडतील. जुन्या पुस्तकांवर तो नसतोच. ती हाताने करायची, त्याला पळवाट नाही.

एक गोष्ट जवळून दाखवते. आमच्याकडे एका लेखकाची सदतीस पुस्तकं होती. संगणकावर त्यांचं नाव टंकलं की एकोणीसच यायची. उरलेली कुठे गेली, ते शोधायला एक दुपार लागली. कुणी आडनाव आधी लिहिलं होतं, कुणी नाव आधी. कुणी आद्याक्षरांपुढे टिंब दिलं होतं, कुणी नाही. एका ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ उलटं होतं. तालिकापत्रांच्या कप्प्यात ही सगळी पत्रं शेजारी-शेजारी बसायची आणि माणसाचा डोळा ती सहज जुळवून घ्यायचा. संगणकाला ते चार वेगळे लेखक होते. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक लेखकासाठी एक प्रमाण नाव ठरवायचं, बाकीची रूपं त्याला जोडून द्यायची आणि हे काम पहिल्या दिवसापासून करायचं. नंतर करू म्हटलेलं हे काम नंतर कधीही होत नाही.

पुस्तक हातात आहेच तर त्याच वेळी ते ठेवायचं की बाद करायचं याचाही निर्णय घ्या. पानं सुटलेली, कालबाह्य झालेली, तीच आवृत्ती चार प्रतींत असलेली पुस्तकं नव्या तालिकेत न्यायचे कष्ट कशाला? बारकोड मुखपृष्ठावर बाहेरच्या बाजूला लावा, म्हणजे देवघेवीच्या वेळी आणि मोजणीच्या वेळी पुस्तक उघडावं लागत नाही. शीर्षक आणि लेखकाचं नाव झाकलं जाणार नाही एवढं बघा. सगळ्या पुस्तकांवर एकाच जागी.

आरएफआयडीबद्दल, म्हणजे पुस्तकात चिकटवलेली आणि रेडिओलहरींनी दुरून वाचता येणारी चिप, तिच्याबद्दल थोडक्यात. ढीगच्या ढीग एकदम वाचला जातो, मोजणी काही आठवड्यांऐवजी काही दिवसांत होते, वाचक स्वतःच पुस्तक घेऊ-परत करू शकतो. धातूचं कपाट किंवा चकचकीत धातूचा मुलामा असलेलं मुखपृष्ठ मधे आलं की वाचन चुकतं. देवघेव प्रचंड असेल तर जरूर घ्या. दिवसाला शे-दीडशे पुस्तकं होत असतील तर बारकोड पुरतो आणि तो पैसा पुस्तकांना लावा.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, हा मी प्रत्येक खरेदीच्या वेळी समोर ठेवते. या कसोटीवर आमच्याकडे सगळ्यात मोठा फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी. घरबसल्या फोनवर तालिका पाहता येऊ लागली, आणि मागणी नोंदवलेलं पुस्तक परत आलं की वाचकाला संदेश जाऊ लागला. पूर्वी माणूस येऊन, पुस्तक नाही म्हणून हात हलवत परत जायचा; तिसऱ्या खेपेनंतर तो येणं सोडायचा. तुमचे वाचक का कमी झाले याचं एक कारण अशा वाया गेलेल्या खेपांत आहे का, ते आठवडाभर काउंटरवर बसून नोंदवून बघा.

ई-पुस्तकांचं उत्तर मात्र लांब आहे, कारण इथे समिती जे गृहीत धरते ते चूक असतं. छापील पुस्तक विकत घेतलं की ते ग्रंथालयाच्या मालकीचं. पानं झिजेपर्यंत ते कितीही जणांना द्या. ई-पुस्तक बहुतेक वेळा विकत मिळतच नाही. मिळतो तो परवाना. एका वेळी एकाच वाचकाला देता येतं, आणि तो परवाना ठरावीक मुदतीनंतर किंवा ठरावीक देवघेवींनंतर संपतो. २०११ मध्ये हार्पर कॉलिन्स या प्रकाशन संस्थेने ग्रंथालयांसाठी २६ देवघेवींची मर्यादा घातली तेव्हा ग्रंथपालांत मोठा संताप झाला होता. २६ वेळा दिलेली आमची कितीतरी छापील पुस्तकं अजून धडधाकट आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने त्याहून पुढे जाऊन नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच ई-प्रत देण्याचं धोरण आणलं. ग्रंथालयांनी खरेदीवर बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये ते मागे घ्यावं लागलं. ग्रंथालयं एकत्र बोलली तर अटी बदलतात, हे त्या प्रसंगात मी पाहिलं.

तरीही ई-पुस्तकं घ्यावीत असंच माझं मत आहे. अक्षर मोठं करता येतं म्हणून डोळ्यांनी थकलेला वाचक परत येतो. घराबाहेर पडू न शकणारा सभासद सभासद राहतो. फक्त त्यांचा खर्च अंदाजपत्रकात वर्गणीच्या बाजूला धरा, ग्रंथसाठ्याच्या बाजूला धरू नका. ज्या वर्षी पैसे भरणं थांबेल त्या वर्षी कपाट रिकामं होईल, हे समितीने समजून-उमजून मान्य करावं. आणि वर्षानुवर्षं लागणारा संदर्भग्रंथ छापीलच घ्या. दृष्टिहीन वाचकांसाठीची सोय मात्र उद्यावर ढकलू नका. २०१३ चा माराकेश करार ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू आहे. तो स्वीकारलेल्या देशांत छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत, उदाहरणार्थ डेझी स्वरूपातली बोलती आवृत्ती, हक्कधारकाच्या परवानगीशिवायही करता येते.

स्वतःची पुस्तकं स्कॅन करून वाचकांना द्यावीत, असंही समितीत कुणीतरी सुचवेल. लेखकाधिकार (कॉपीराइट) संपलेला नसेल तर तसं करू नका. इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहाने छापील प्रतीच्या बदल्यात तिची स्कॅन प्रत देण्याची पद्धत चालवली होती. प्रकाशकांनी खटला भरला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानेही निकाल आर्काइव्हच्या विरोधातच दिला. स्कॅनिंगचे कष्ट अशा वस्तूंवर खर्च करा ज्या फक्त तुमच्याकडे आहेत: जुनी स्थानिक नियतकालिकं, हस्तलिखितं, संस्थांचे अहवाल. मजकुरासाठी ३०० पीपीआय (एका इंचात इतके चित्रबिंदू) पुरतं, वर्तमानपत्राच्या बारीक टाइपाला ४०० घ्या. मूळ प्रत टिफ या चित्र-फाइलीच्या स्वरूपात ठेवा, वाचकाला पीडीएफ द्या. फाइलींची नावं दाखल क्रमांकावरून द्या. ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २ नवीन’ अशा नावांच्या फोल्डरमधून काही शोधणं किती जिवावर येतं ते मी अनुभवलं आहे. आणि तुमच्याकडे मायक्रोफिल्म असेल तर स्कॅन झाल्यावरही ती टाकू नका. नीट ठेवलेली फिल्म शेकडो वर्षं राहू शकते, आणि ती वाचायला उजेड आणि भिंग एवढंच लागतं.

बॅकअपविषयी. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ब्रिटिश लायब्ररी आणि टोरांटोची सार्वजनिक ग्रंथालयं यांच्यावर जवळपास एकाच वेळी खंडणीखोर सायबर हल्ले झाले. ब्रिटिश लायब्ररीची मुख्य तालिका जानेवारी २०२४ च्या मध्यावर, तीही फक्त पाहण्यापुरती, परत आली. टोरांटोत शाखा उघड्या राहिल्या, पुस्तकं हाताने नोंदवून दिली गेली, पण परत आलेली पुस्तकं संगणकात जमा करता येईनात, म्हणून ती ट्रेलरमध्ये भरून ठेवावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थांची ही गत. तुम्ही एवढं तरी करा: आठवड्यातून एकदा नोंदींची प्रत अशा डिस्कवर घ्या जी एरवी कुठल्याही संगणकाला जोडलेली नसते, ती दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करून बघा. काउंटरच्या खणात तारखेच्या चिठ्ठ्या आणि एक कोरी वही कायम असू द्या. वीज गेली म्हणून वाचकाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही.

वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकांवर तुम्हाला वाटतं त्याहून जास्त वेळ द्यावा लागेल. एक गृहस्थ आमच्याकडे नोकरीचा अर्ज भरायला आले होते. अर्ज ऑनलाइनच होता. त्यासाठी ईमेल हवा, ईमेलसाठी फोनवर येणारा सांकेतिक क्रमांक हवा, आणि फोन मुलीकडे राहिलेला. त्यांनी पासवर्ड एका जुन्या तिकिटाच्या मागे लिहून खिशात ठेवला होता आणि ते तिकीट आमच्या सहायकापुढे धरून म्हणाले, “तुम्हीच टाका.” असं रोज होतं. कर्मचाऱ्याने पासवर्ड टाकायचा का? आमचा नियम असा ठरला: शेजारी बसायचं, बोट दाखवायचं, कळ वाचकानेच दाबायची. त्या दिवशी दोन तास लागले आणि अर्ज गेला. संगणक वापर संपला की पडदा, फाइली, इतिहास सगळं आपोआप पुसलं जाईल अशी व्यवस्था करा. देवघेवीतही तेच: पुस्तक परत आलं, काही बाकी राहिलं नाही, की कुणी कोणतं पुस्तक नेलं होतं हा दुवा सॉफ्टवेअरमधून काढून टाका. कोहामध्ये ही सोय आहे. मी काय वाचते हे फक्त मला माहीत आहे, हा विश्वास ग्रंथालयाने वाचकाला द्यायलाच हवा, आणि नसलेली माहिती चोरालाही मिळत नाही.

थ्रीडी प्रिंटरचा विषय निघेलच. हेलसिंकीचं ओडी ग्रंथालय डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं. तिथे असे प्रिंटर आहेत आणि शिलाई यंत्रंही आहेत. मला त्यातली शिलाई यंत्रं जास्त आवडतात, कारण ती कुणाला लागतील हे आधी ठाऊक असतं. तुमच्याकडे कुणाला काय लागतं ते विचारून मग घ्या.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आमच्या संदर्भ विभागात एक नवीनच काम आणलं आहे. वाचक पुस्तकांची यादी घेऊन येतो. लेखक खरे असतात, शीर्षकं अगदी पटण्याजोगी असतात, आणि ती पुस्तकं कधी लिहिलीच गेलेली नसतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका दैनिकात अशी उन्हाळी वाचनाची यादी चक्क छापून आली होती. १५ पैकी १० पुस्तकं अस्तित्वात नव्हती. अशा वेळी ‘नाही’ म्हणून वाचकाला परत पाठवू नका. ते पुस्तक कुठल्याच तालिकेत कसं नाही हे त्याला पडद्यावर दाखवा, आणि मग त्याला मुळात काय हवं होतं ते विचारा. तेवढ्या पाच मिनिटांत बहुतेकांना खरं पुस्तक मिळतं.

राहिली तालिकापत्रांची कपाटं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९६७ मध्ये स्थापन झालेली ओसीएलसी ही संस्था जगभरच्या ग्रंथालयांसाठी तालिकापत्रं छापायची; तिने शेवटची पत्रं ऑक्टोबर २०१५ मध्ये छापली. तेव्हा कपाटं ठेवण्याचा हट्ट मी करणार नाही, जागा वाचकांना बसायला द्या. पण पत्रं रद्दीत घालण्याआधी प्रत्येक पत्र उलटून बघा. आधीच्या ग्रंथपालांनी मागच्या बाजूला पेन्सिलीने बरंच लिहून ठेवलेलं असतं: टोपणनावामागचं खरं नाव, ‘पान ११२ गहाळ’, ‘पहिली आवृत्ती वेगळ्या नावाने’, ‘देणगी, मूळ मालकाच्या टिपा आहेत’. हे नोंदवहीत नसतं, तयार ओढलेल्या नोंदीत तर नसतंच. आम्ही त्या टिपा मार्कच्या टीप-घरांत उतरवून घेतल्या; प्रतीपुरत्या असतील त्या त्या-त्या प्रतीच्या नोंदीत. दोन विद्यार्थी आणि एक निवृत्त सहकारी, रोज एक खण, सात महिने. मग कपाटं हलवली.